कच्चे घर, पक्के घर

आपल्याकडे घरांच्या दोन जाती सरकारदरबारी प्रामुख्याने ओळखल्या जातात: कच्ची आणि पक्की. शिरगणतीसाठी आलेले गुरुजी दारात उभे राहतात, भिंतीकडे पाहतात, छपराकडे पाहतात आणि कागदावर खूण करून पुढच्या दाराकडे वळतात. भिंत मातीची निघाली, छप्पर गवताचे निघाले, की घर कच्चे. वीट, सिमेंट आणि सळई दिसली, की पक्के. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यात तर कौलांचेही दोन रकाने होते, हाताने केलेल्या कौलांचा एक आणि यंत्राने केलेल्या कौलांचा दुसरा. मोजणी करावयाची म्हणजे रकाने हवेतच. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु ‘कच्चे’ हा शब्द निव्वळ मोजणीचा नाही. त्यात निकाल दिलेला आहे. आंबा कच्चा असतो, मडके कच्चे असते, हिशेबात मुलगा कच्चा असतो. म्हणजे जे व्हावयाचे ते अद्याप झालेले नाही. ज्या घरात चार पिढ्यांचे पाळणे हलले आणि चार पिढ्यांचे धान साठवले गेले, ते घर या चारही पिढ्या होऊन गेल्या तरी व्हावयाचे राहूनच गेले, असा या शब्दाचा अर्थ होतो.

साहित्याच्या प्रांतात एखादे पुस्तक टाकाऊ ठरवावयाचे, तर निदान ते वाचलेले असावे अशी अपेक्षा असते. घरांच्या बाबतीत ही अपेक्षा आपण ठेवलेली नाही. मातीच्या घरावर एक तर शेरा मारला जातो, नाही तर उसासा टाकला जातो. शहरातला माणूस आठ दिवस आजोळी राहून येतो आणि मातीच्या गारव्यावर लेख लिहितो. गावातला पुढारी त्याच मातीला दारिद्र्याची खूण समजतो. दोघांनीही घर पाहिलेले असते, वाचलेले नसते. मला येथे एक घर वाचावयाचे आहे. त्याचे गुण आणि दोष दोन्ही सांगावयाचे आहेत, आणि मग त्या शेऱ्याचे काय करावे ते ठरवावयाचे आहे.

त्यासाठी मी जी घरे निवडली आहेत, ती चंद्रपूर जिल्ह्यातील सावली आणि तिच्या आसपासच्या गावांतील. चंद्रपूरहून निघालेला रस्ता मूलवरून सावलीस येतो आणि पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे जातो. हा मुलूख झाडीपट्टीचा. विदर्भ म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काळी जमीन आणि कापसाच्या गाड्या उभ्या राहतात. येथे ते चित्र बदलते. येथे धान आहे, तलाव आहे आणि जंगल आहे. आसोलामेंढ्याचा मोठा तलाव याच तालुक्यातला. त्याखेरीज गावोगाव मालगुजारी अमदानीतले तलाव आणि शेतांतल्या लहान बोड्या. धान, तलाव आणि जंगल हे तीन शब्द ध्यानात ठेवले, म्हणजे येथल्या घराचे निम्मे व्याकरण कळते. उरलेले निम्मे हवामानाचे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि आषाढात पाऊस धानाच्या बांध्या तुडुंब भरीपर्यंत कोसळतो.

महाराष्ट्रातील इतर घरांशी ताडून पाहिले, म्हणजे या दोन गोष्टी एकत्र येण्याचे महत्त्व कळते. देशावर आणि मराठवाड्यात पाऊस बेताचा, म्हणून तेथे माळवद शोभते. खानदेशात आणि वऱ्हाडात धाब्याचे घर त्याच कुळातले. भिंत जाड, माथा सपाट, रात्री वर जाऊन निजावे. कोकणात पाऊस उदंड, म्हणून छप्पर उतरते. पण विदर्भासारखी कोरडी, भाजून काढणारी झळ तेथे नाही. झाडीपट्टीवर दोन्ही संकटे, आणि तीही एकामागून एक. म्हणून येथल्या माणसाने देशावरची भिंत घेतली आणि तिच्यावर कोकणासारखे उतरते छप्पर ठेवले. कोणी कोणाकडून उसने आणले असे मला म्हणावयाचे नाही. गरजेनेच ही सांगड घातली. पण ही सांगड हा या घराचा पहिला विचार आहे, आणि ज्या घरात विचार आहे त्याला अडाणी म्हणता येत नाही.

*

आता एकेक भाग पाहू. प्रथम भिंत.

मातीची भिंत म्हणजे मातीचा ढीग नव्हे. बोडीतली किंवा शेतातली चिकण माती आणावयाची, भिजवावयाची, तीत तणस आणि धानाचा कोंडा मिसळावयाचा. तणस म्हणजे मळणीनंतर उरलेला धानाचा पेंढा. मग पायांनी तुडवून तो गारा मुरत ठेवावयाचा. तणसाचे धागे मातीला धरून ठेवतात. सुकताना ती तडकत नाही. मग हातभर उंचीचा एक थर घालावयाचा, तो वाळू द्यावयाचा, त्यावर दुसरा. घाई केली तर खालचा थर फुगतो आणि भिंत बसते. त्यामुळे धानाची मळणी आटोपल्यापासून पावसापर्यंतचे कोरडे महिने हा बांधकामाचा हंगाम. म्हणजे पहा, ज्या शेताने अन्न दिले त्यानेच भिंतीचा धागाही दिला, आणि माती काढल्याने बोडीही खोल झाली. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने केली, त्याला खर्चाची धास्ती असावी. येथे धास्ती होती ती वेळेची आणि माणसांच्या हातांची.

अशी भिंत पायथ्याशी दीड-दोन फूट जाड भरते. ती ऊन अडवते असे आपण म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. ती ऊन उशिरा पोचवते. दुपारी बारा वाजता बाहेरून लागलेली झळ आत यावयास रात्र पडते; आणि रात्री माणसे अंगणात बाजेवर निजलेली असतात. घर तापते तेव्हा घरात कोणी नसते, आणि घर निवालेले असते तेव्हा दुपारच्या झोपेला सगळे आत असतात. भिंत, अंगण आणि माणसाचा दिनक्रम यांचा हा जो हिशेब बसलेला आहे, तो कागदावर कोणी मांडलेला नव्हता. तरी तो चुकत नाही.

ज्यांच्याजवळ तेवढी माती वाहण्याचे बळ नव्हते, त्यांची भिंत कुडाची. बांबूच्या तट्ट्या उभ्या करावयाच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाचा लेप द्यावयाचा. ही भिंत चार दिवसांत उभी राहते, पण झळ उशिरा पोचवण्याचे जाड भिंतीचे काम तिला साधत नाही. गावातील गरिबी अशी भिंतीच्या जाडीत मोजता येत असे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरे छप्पर. सागवानाचे किंवा ऐनाचे खांब, त्यांवर आढे, आढ्यावरून बांबूचे वासे, वाशांवर बांबूच्या कमच्या आणि सर्वांवर कवेलू. आपण ज्याला कौल म्हणतो त्याला विदर्भात कवेलू म्हणतात. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती अशी मातीची नळी ओढतो, ती अर्धवट वाळली की उभी चिरून तिचे दोन भाग करतो आणि भट्टीत भाजतो. एक भाग पन्हळीसारखा उताणा, दुसरा त्याच्या सांध्यावर पालथा. एवढ्यावर सारे छप्पर उभे आहे. खिळा नाही, चुना नाही. प्रत्येक कवेलू स्वतःच्या वजनाने आणि शेजाऱ्याच्या आधाराने राहते. एक फुटले तर एकच काढावयाचे. त्यांच्या फटींतून चुलीचा धूर वर जातो आणि कोंडलेली गरम हवाही जाते. पाणी मात्र उतारावरून निघून जाते. १८६५ साली मंगळूरला बाझल मिशनच्या कारखान्यात यंत्राची सपाट कौले निघू लागली आणि पुढे देशभर पसरली. ती एकमेकांत घट्ट बसतात आणि दिसतातही नेटकी. पण कुंभाराचे कवेलू श्वास घेते, आणि ते करणारा त्याच गावात किंवा पलीकडच्या गावात राहतो.

छपराचा खरा बारकावा त्याच्या कडेला आहे. मातीची भिंत ऊन कितीही सोसते, पाऊस मात्र सोसत नाही. म्हणून छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे काढलेले आणि पुष्कळ खाली आणलेले असते. इतके, की उंच माणसाला आत शिरताना मान लववावी लागते. परगावच्या पाहुण्याला हे घराचे ठेंगणेपण वाटते. वस्तुतः ते भिंतीवर धरलेले छत्र आहे.

या छत्राखाली जी जागा आपोआप निर्माण होते, ती ओसरी. इकडे तिला सपरीही म्हणतात. रचनेच्या दृष्टीने ती भिंतीचे रक्षण करण्याच्या खटपटीतून मिळालेला फायदा आहे. पण घराचे सारे सामाजिक आयुष्य या फायद्यावर चालते. धानाचा भाव येथे ठरतो, सोयरीक येथे जुळते, म्हातारा येथे दोर वळतो, पोर येथे पाढे म्हणते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा आणि शंकरपटांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्या नाटकमंडळ्यांचे माहेर. ज्या गावात नाटक असेल तेथे घरोघर सोयरेधायरे उतरतात, आणि त्यांची पथारी पडते ती याच ओसरीवर. शहरातील सदनिकेत बैठकीची खोली असते, पण अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे बसण्याचे ठिकाण नसते. ओळख कमी आणि आदर जास्त अशा माणसाला कोठे बसवावे हा प्रश्न त्यामुळे आपल्याला नेहमी पडतो. या घराने तो कधीच सोडवलेला आहे.

ओसरीतून आत गेले की अंधार. माजघर, त्यापुढे रांधणी, आणि भिंतीच्या कडेने ढोल्या. बांबूच्या विणलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या, माणसाच्या उंचीच्या या ढोल्यांत वर्षाचे धान राहते. खिडकी नाही, असली तर वीतभर झरोका. याची कारणे साधी आहेत: मातीच्या भिंतीला मोठे भोक सोसत नाही, उन्हाला आणि चोराला वाट मिळते, आणि रान जवळ आहे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याची मीमांसा करताना संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयी सांगितल्या. त्या शब्दांत बोलावयाचे तर अंगणाचे डोळे दिपवणारे ऊन, ओसरीची मऊ सावली आणि माजघराचा काळोख या तीन पायऱ्यांत विरोधाची लय आहे, आणि मागच्या दाराने सांदवाडीत, दोडक्याच्या वेलाखाली आणि विहिरीपाशी पुन्हा उजेडात येताना ती समतोलाने मिटते. मर्ढेकरांना हे घर दाखवले असते तर त्यांनी मान डोलावली असती की नाही, मला ठाऊक नाही. पण पुढच्या अंगणापासून मागच्या परसापर्यंत सरळ रेषेत चालत गेल्यावर एखादी कविता नीट संपल्यासारखे वाटते, एवढे मी सांगू शकतो.

*

गुणांची ही यादी मान्य करूनही कोणी म्हणेल, ‘हे सगळे खरे; पण घर टिकत नाही ना?’ हा आक्षेप खरा महत्त्वाचा. कच्चे या शब्दाचा सारा जोर टिकण्यावर आहे.

सावलीच्या पलीकडे, वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. दगडातील कोरीव काम पाहून मन थक्क होते. ती पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहेत आणि ते योग्यच आहे. आपला प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ सालचा. वास्तू किमान शंभर वर्षांची असावी, अशी त्याची अट आहे. आता ही अट मातीच्या घराला लावून पहा. पाया कदाचित पणज्याने घातलेला असेल. पण भिंतीवरचा लेप गेल्या दिवाळीचा, वासे दहा-पंधरा वर्षांचे, कवेलूंतली काही यंदाची, काही आजोबांच्या वेळची. मग या घराचे वय किती धरावे? कायद्याला दगड कळतो, कारण दगड एकदा बसवला की बसला. सतत नवे होत राहूनच जे जुने होते, ते त्याला कसे कळावे?

जगात सगळीकडे असे नाही. जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेत जसेच्या तसे नवे बांधतात. २०१३ साली ते बासष्टाव्यांदा बांधले गेले. एक लाकूडही जुने नसते, तरी देवस्थान प्राचीनच मानले जाते. कारण सुताराच्या हातातील विद्या खंडित झालेली नसते. आफ्रिकेत माली देशात जेने नावाच्या गावी मातीची प्रचंड मशीद आहे. आजची इमारत १९०७ सालची. दर वर्षी सारे गाव जमून तिला चिखलाचा नवा लेप देते. तो दिवस तेथे सणाचा असतो. १९८८ साली जेने गाव जागतिक वारशाच्या यादीत आले. म्हणजे जे काम आमची आजी दर दिवाळीपूर्वी निमूटपणे करीत आली, त्याच जातीच्या कामाला जगाने वारसा म्हटले आहे.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. सावली हे खादीच्या कामाचे गाव होते, आणि १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चात गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले तेव्हा गांधीजी येथे येऊन राहिले होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. तेथली घरे माती, बांबू, लाकूड आणि कौले यांचीच. मीराबेनने भिंतींवर मातीचेच उठाव काढून झाडे आणि चरखा रंगवला. ती बापू कुटी आज राष्ट्राचे तीर्थ आहे. ती कशी टिकली? सारवून, लिंपून आणि फुटके कौल बदलून. सरकारी रकान्यात घालावयाची तर तिची भिंत आजही कच्चीच भरेल.

*

आता दुसरी बाजू. तीही तितक्याच सरळपणे मांडली पाहिजे.

आमच्या नात्यातील एका वृद्ध बाईंपुढे मी एकदा मातीच्या घराची अशीच तारीफ करीत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुमाले पाहाले बरं वाटते जी भाऊ, पन सारवाले मले लागते.” या एका वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि उत्तर असू नये असेच मला वाटते. मातीचे घर टिकते ते कामाने, असे मी वर म्हटले. ते काम कोण करते? शेण गोळा करणे, पांढरी माती आणणे, सडा, सारवण, भिंतींना पोतेरे, हे सारे बायकांचे. पुरुषांचे काम वर्षातून एकदा, पावसाआधी कवेलू फेरण्याचे, बायकांचे रोजचे. इसेच्या सुताराला मान आहे, जेनेच्या लेपाला सण आहे. आमच्या सारवणाला ना मान मिळाला, ना मजुरी. सून दमली की तिने ‘फरशी हवी’ म्हणावे यात आश्चर्य काय?

चुलीचा धूर कवेलूंतून वर जातो हे खरे, पण आधी तो रांधणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून आणि छातीतून जातो. भिंतीच्या भेगांत विंचू आणि छपरात साप, ही रानाकाठच्या घरांत कवीची कल्पना नसते. लाकडाला वाळवी लागते. अतिवृष्टीत भिंत बसली तर माणसे दगावतात.

आणि ओसरीचेही सारे सांगितलेच पाहिजे. ती सर्वांना बसावयास होती असे नाही. मालगुजाराच्या वाड्याला कोरीव खांब, माडी आणि रुंद ओसरी; त्याच्याच शेतात राबणाऱ्याला कुडाची एक खोली. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, पण गावाची आखणी तिच्याच काळातली राहिली. आणि ओसरी जशी पाहुण्याला आत घेई, तशी ती काही माणसांना अंगणातच थांबवी. कोणी कोणत्या पायरीवर थांबावयाचे हे जात ठरवी. ज्यांना त्या पायरीखाली उभे राहावे लागले, त्यांच्या मुलांनी मातीच्या घराला वारसा म्हणावे अशी अपेक्षा धरणे उद्धटपणाचे आहे. त्यांच्या लेखी सिमेंटची भिंत म्हणजे बरोबरी. ती भावना खोटी नाही.

इजिप्तचे थोर वास्तुविशारद हसन फथी यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर गुर्ना गावच्या लोकांसाठी मातीच्या विटांचे एक देखणे गाव वसवले. जगभर त्याची वाखाणणी झाली. गावकरी मात्र तेथे जावयास राजी झाले नाहीत. मातीवर प्रेम करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

*

तरीही एक प्रश्न उरतो. ही घरे लोकांनी सोडली ती केवळ त्यांच्या दोषांमुळे काय? तसे म्हणणे अपुरे होईल.

पहिला घाव जंगलाचा. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी रान सरकारचे झाले. निस्ताराच्या हक्काने गावाला घरासाठी लाकूड-बांबू मिळे, पण तो हक्क सवलतीसारखा होत गेला. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गाड्या भरून जाऊ लागला. बांबू हे वास्तविक गवत. पण १९२७ च्या कायद्यात त्याची गणना झाडांत होती, आणि रानाबाहेर लावलेल्या बांबूची त्यातून सुटका व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले. पूर्ण नव्वद वर्षे! मधल्या काळात २००६ चा वनहक्क कायदा आला आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २०११ साली आपल्या रानातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळवला. तोवर कितीतरी गावांत वासे बदलण्याऐवजी घर बदलणे सोपे झाले होते.

दुसरा घाव वानरांचा. हे वाचून हसू येईल, पण झाडीपट्टीत कोणालाही विचारावे. रान विरळ झाले, वानरांच्या टोळ्या गावात आल्या, आणि एका उडीसरशी दहा-वीस कवेलू फुटू लागली. कुंभाराची भट्टी बंद पडलेली. फुटलेले कवेलू आणावे कोठून? मग टिनाचा पत्रा. पत्रा वानर फोडू शकत नाही, हा त्याचा एकच गुण. पण तो निर्णायक ठरला. आज मेच्या दुपारी पत्र्याच्या घरात बसून पहावे म्हणजे त्या गुणाची किंमत कळते.

तिसरी गोष्ट घरकुलाची. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने गरीब कुटुंबाला स्वतःच्या नावाचे, २५ चौरस मीटरचे पक्के घर आणि त्यासाठी १ लाख २० हजार रुपये देऊ केले. दुर्गम भागांत १ लाख ३० हजार. ज्याने प्रत्येक पावसाळ्यात भिंतीकडे पाहत रात्र काढली, त्याला याचे मोल विचारा. या योजनेला नावे ठेवणे मला जमणार नाही. परंतु त्या २५ चौरस मीटरांत बहुधा काय बसत नाही ते पहा. पुढे आलेले छप्पर बसत नाही, ओसरी बसत नाही, ढोलीला जागा नाही, गुरांच्या कोठ्याचा विचार नाही. चार इंची-नऊ इंची भिंत आणि वर सपाट छत. ते छत दिवसभर तापते आणि रात्रभर खाली आग ओतते. सपाट माथा ही कमी पावसाच्या मुलखाची रीत, आणि तिथेही तो मातीच्या जाड थराचा होता. आपण झाडीपट्टीवर माळवदाचा आकार आणला आणि त्यातली माती काढून घेतली. भिंत पक्की झाली. घराचा विचार मात्र कच्चा राहिला.

येथे कारभाऱ्यांचे अज्ञान आहे असेही नाही. केंद्राच्या ग्रामविकास खात्यानेच अनेक राज्यांतील पारंपरिक घरांचा अभ्यास करवून ‘पहल’ नावाचा नमुनासंग्रह काढला आहे. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबूचे संशोधन आणि प्रशिक्षण देणारे केंद्र आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने तर कुंभाराच्याच चाकावरील निमुळत्या नळ्या एकमेकींत घालून त्यांची कमान करण्याची रीत बसवली. तिला वासे लागत नाहीत, आणि वरून लेप दिल्यावर वानरालाही ती दाद देत नाही. म्हणजे कुंभार, माती आणि नवे शास्त्र यांची सोयरीक जुळू शकते. ती गावच्या गवंड्यापर्यंत आणि घरकुलाच्या कागदापर्यंत पोचलेली नाही, एवढेच.

*

तेव्हा निकाल काय? मातीचे घर आहे तसे राखा, असा माझा आग्रह नाही. जी बाई सारवण करते तिने फरशी मागितली तर ती तिला मिळाली पाहिजे. धुराडे हवे, खिडकी हवी, विंचू शिरणार नाही असे जोते हवे. पण या घराने जे प्रश्न सोडवले होते ते अजून आहेत: ऊन आहे, पाऊस आहे, पाहुणा आहे, धान आहे. नव्या घराने त्यांची उत्तरे द्यावीत. पश्चिमेची भिंत जाड ठेवावी, छप्पर पुढे काढावे, ओसरी ठेवावी आणि ती या वेळी सर्वांना बसावयास असावी. सिमेंटच्या घराला यांपैकी काहीच वर्ज्य नाही.

आणि तो ‘कच्चे’ हा शेरा खोडावा. रकाने ठेवावयाचेच असतील तर तीन प्रश्न विचारून ठेवावे: दुपारी आत बसवते काय? पावसात झोप लागते काय? मोडले तर घरचे आणि गावचे लोक ते दुरुस्त करू शकतात काय? झाडीपट्टीतले जुने घर या परीक्षेत पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तम उतरते, दुसऱ्याला कधी उतरते, कधी नाही. पत्र्याचे घर पहिल्यालाच नापास होते. गुण असे मांडले म्हणजे कच्चा कोण आणि पक्का कोण, हे पुन्हा मोजावे लागेल.

यंदाच्या दिवाळीत ज्यांना गावी जाण्याचा योग असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. फराळ झाल्यावर घरातल्या सर्वांत वडील बाईपाशी बसावे आणि तिला विचारावे: आपल्या भिंतीची माती कोठून आणली होती, तणस किती घालत, कवेलू कोणत्या गावच्या कुंभाराचे, आणि हात दुखत असत तेव्हा कोण मदतीला येई. ती सांगेल ते मुलांच्या वहीत लिहून घ्यावे. घर पाडावयाचे ठरले असले तरी पाडण्यापूर्वी एवढे वाचून घ्यावे. मग नवे बांधताना त्यातले काय घ्यावे आणि काय टाकावे, हे त्या बाईलाच ठरवू द्यावे.